विभागप्रमुख झालात? मग आधी बैठक घ्यायला शिका

जूनच्या पहिल्या आठवड्यात शिपाई एक पाकीट आणून देतो. आत दोन ओळींचं पत्र असतं: अमुक तारखेपासून आपली विभागप्रमुख म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. सोबत कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. त्यातल्या दोन किल्ल्या कुठल्या कुलपाच्या, हे कुणालाच ठाऊक नसतं. बाकी सूचना शून्य.

नाशिकच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना हे पाकीट माझ्या वाट्याला आलं, तेव्हा मला वाटलं होतं की विभाग चालवायचा म्हणजे टाइमटेबल लावायचं आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली भरायच्या. पहिल्याच वर्षी दोनदा तोंडघशी पडलो. एका मॅडमना मी चहा पिता पिता शब्द दिला होता, ‘पुढच्या सत्रात तृतीय वर्षाचा पेपर तुमचा.’ सत्र उजाडलं, तर दुसरे सर म्हणाले, असं कधी ठरलंच नव्हतं. मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, उघडली. तिथे एकच वाक्य होतं, ‘तासिका वाटपावर सविस्तर चर्चा झाली.’ ते माझ्याच हस्ताक्षरात होतं. दुसरी चूक याहून जड गेली. सिलॅबसमधला एक घटक मला जुनाट वाटायचा. तो घाईत उरकून मी मुलांना कांद्याच्या बाजाराचं गणित शिकवलं. वर्गात मजा आली, पण विद्यापीठाच्या पेपरात त्या जुनाट घटकावर दहा मार्कांचा प्रश्न आला.

पहिल्या चुकीत निर्णय माझ्या अधिकारातला होता, पण मी तो लिहिला नव्हता. दुसऱ्या चुकीत निर्णय माझ्या अधिकारातलाच नव्हता. विभागाच्या कारभारातले बहुतेक घोळ या दोनपैकी एका खान्यात बसतात, म्हणून पुढे आधी अधिकार कुणाचा ते सांगतो आणि मग निर्णय घ्यायचा आणि लिहायचा कसा ते.

आधी ठरवा: हे कुणाचं?

कुठलाही विषय टेबलावर आला की त्याला तीनपैकी एका ढिगात टाका. पहिला ढीग आपला: कोण काय शिकवणार, अंतर्गत चाचणी कधी, सहल किंवा क्षेत्रभेट कुठे, ग्रंथालयाला कुठली पुस्तकं मागवायची, विभागाचा कार्यक्रम कोणता. दुसरा ढीग शिफारशीचा: नवीन जागा, खरेदी, नवीन अभ्यासक्रम सुरू करणं, सिलॅबस बदलणं. इथे आपण फक्त मागतो, ठरवतात दुसरे. तिसरा ढीग वरचा: परीक्षेचे नियम, पात्रतेचे निकष, आरक्षण, शुल्क, सेवाशर्ती. इथे आपलं काम नियम वाचून अंमल करण्याचं.

पहिल्या ढिगातल्या गोष्टीसाठी प्राचार्यांच्या दारात परवानगी मागत उभं राहणं आणि तिसऱ्या ढिगातल्या गोष्टीवर विभागात तीन तास भांडणं, हे दोन्ही मी पाहिलं आहे. पहिल्याने विभागाचा कणा जातो, दुसऱ्याने दुपार जाते.

नाशिकमध्ये ही वाटणी करताना आणखी एक गोष्ट बघावी लागते: तुमचा कायदा कोणता? कला, वाणिज्य, विज्ञान किंवा अभियांत्रिकीचं संलग्न महाविद्यालय असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. नर्सिंग, आयुर्वेद, दंतवैद्यक असेल तर दिंडोरी रोडवर म्हसरूळला मुख्यालय असलेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. त्याचा कायदा १९९८ चा. गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला लागतं ते यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ च्या स्वतंत्र कायद्याने उभं राहिलं. तिथे अभ्याससाहित्य विद्याशाखा तयार करते, अभ्यासकेंद्रावरचा शिक्षक ते फक्त शिकवतो. एकाच घरातली तीन भावंडं या तीन विद्यापीठांत शिकत असतील, तर तिघांच्या शिक्षकांचे अधिकार वेगळे. शेजारच्या कॉलेजातल्या मित्राने ‘आमच्याकडे असंच करतात’ म्हटलं, तर आधी विद्यापीठ कोणतं ते विचारा. यापुढचं मुख्यतः पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांसाठी आहे.

आपल्या वर कोण कोण बसलंय

२०१६ चा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याने विद्यापीठाचं सगळं शैक्षणिक काम चार विद्याशाखांत बसवलं: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येक विद्याशाखेला एक अधिष्ठाता. पूर्वीच्या, १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता विद्याशाखेचे सदस्य निवडून देत. आता ते पूर्णवेळ पद आहे आणि निवड समितीमार्फत भरलं जातं. जुनी मंडळी अजून ‘आमच्या वेळचे डीन’ म्हणून त्या निवडणुकांच्या गोष्टी सांगतात. त्या ऐकायला छान, पण त्यावर आजचं गणित मांडू नका.

विषयाचं खरं घर म्हणजे अभ्यास मंडळ, रोजच्या भाषेत बीओएस. कायद्याचं कलम ४०. सिलॅबस इथे जन्मतो, मग विद्याशाखा आणि विद्या परिषद या पायऱ्या चढतो. पैशाचे आणि नेमणुकीचे प्रश्न व्यवस्थापन परिषदेकडे. अधिसभा अर्थसंकल्पासारख्या मोठ्या गोष्टी बघते. विभागप्रमुखाने या सगळ्यांचे नियम पाठ करायची गरज नाही. अभ्यास मंडळ मात्र ओळखीचं हवं.

महाविद्यालयाच्या आत सगळ्यात महत्त्वाची बैठक महाविद्यालय विकास समितीची, कलम ९७. संस्थेचे अध्यक्ष तिचे अध्यक्ष, प्राचार्य सदस्य-सचिव. शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक तिच्यात असतात, त्यात किमान एक महिला. प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख असतो, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, माजी विद्यार्थी असतो. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. तुमच्या विभागाची मागणी या समितीपुढे जाणार असेल, तर त्या तीन निवडून आलेल्या शिक्षकांपैकी एकाला ती आधी नीट समजावून सांगा. बैठकीत कागद एकटा बोलत नाही.

बैठक: इथे घाई करू नका

विभागाच्या बैठकीबद्दल कायदा फारसं सांगत नाही, म्हणून तिचे नियम आपणच घालून घ्यायचे आणि पहिल्याच बैठकीत ठराव करून लिहून ठेवायचे. माझ्या विभागात ते असे होते. महिन्यातून एक बैठक, शनिवारी शेवटच्या तासानंतर. सूचना किमान तीन दिवस आधी, विषयपत्रिकेसह, विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर आणि वहीत सहीने, दोन्हीकडे. सही का? कारण ‘मी मेसेज पाहिला नाही’ याला उत्तर नसतं. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, निम्म्याहून जास्त: पाच जणांच्या विभागात तीन. विषयपत्रिकेत नसलेला विषय आयत्या वेळी घ्यायचा तर सगळ्यांची संमती हवी.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना, म्हणजे आपल्या सीएचबी मंडळींना, बैठकीला बोलवायचं का? बोलवा. कित्येक विभागांत निम्मे तास तेच घेतात आणि वर्गात काय चाललंय हे त्यांनाच जास्त माहीत असतं. त्यांच्याच तासांची विभागणी ठरत असेल तेवढ्या विषयापुरतं मत त्यांनी देऊ नये, इतकं पुरे. त्यांना बाहेर बसवून बैठका घेणारे विभाग मला कधी कळले नाहीत.

बैठकीची सुरुवात मागच्या इतिवृत्ताच्या वाचनाने आणि त्यावरच्या कार्यवाहीने करा. मागच्या वेळी काय ठरलं आणि त्यातलं काय झालं, हे पाच मिनिटांत आटपतं. हे टाळलं की पुढच्या बैठकीत तेच विषय तेच लोक तशाच तावातावाने मांडतात.

आता मिनिट्स कशी लिहायची ते. बहुतेक वह्यांत असं आढळतं:

‘विषय ३: तासिका वाटप. यावर सविस्तर चर्चा होऊन योग्य तो निर्णय घेण्यात आला. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’

यातून कुणालाच काही कळत नाही. तेच असं लिहा:

‘ठराव ३: द्वितीय सत्रात तृतीय वर्षाचा सार्वजनिक आयव्यय हा पेपर सहायक प्राध्यापक (अनुक्रम २) शिकवतील. सूचक: अनुक्रम १. अनुमोदक: अनुक्रम ४. अनुक्रम ३ यांनी ज्येष्ठतेचा मुद्दा मांडला. त्यांच्या विनंतीवरून असहमतीची नोंद घेतली. कार्यवाही: टाइमटेबल समन्वयक, १५ नोव्हेंबरपर्यंत.’

कोण, काय, कधीपर्यंत आणि कुणाचा विरोध, हे चारही आलं. अनुक्रम टाका किंवा नावं, पण सह्या त्याच दिवशी घ्या. आठवड्याने सही मागायला गेलात की लोक वाक्यं बदलायला सांगतात.

असहमतीच्या नोंदीला घाबरू नका. मी सुरुवातीला ती टाळायचो, वाटायचं विभागात फूट दिसते. उलट झालं. ज्यांचा विरोध लिहिला गेला, ते सर बैठकीबाहेर पडल्यावर शांत असायचे. ज्यांचा लिहिला नाही, ते स्टाफरूममध्ये वर्षभर सांगत फिरले. मतदानावर मात्र सहसा जाऊ नका. पाच जणांच्या विभागात तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला, की त्या दोघांची जोडी पुढची अनेक वर्षं फुटत नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकला, मधल्या काळात एकेकाशी बोला.

वर्कलोड: वर्षातली सगळ्यात अवघड बैठक

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ही बैठक घ्या, जूनमध्ये नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास. हा आकडा फळ्यावर लिहूनच बैठक सुरू करा.

समजा सगळ्या वर्गांचे मिळून आठवड्याला ६२ तास होतात. विभागात एक सहयोगी प्राध्यापक आणि दोन सहायक प्राध्यापक आहेत. १४ अधिक १६ अधिक १६, म्हणजे ४६. उरले १६ तास; ते तासिका तत्त्वावर. हे साधं गणित फळ्यावर सगळ्यांसमोर मांडलं, की ‘माझ्याकडेच जास्त तास’ हे वाक्य खोलीत टिकत नाही. मी आधी एक्सेलमध्ये करून ईमेलने पाठवायचो. कुणी उघडायचं नाही, आणि संशय मात्र तसाच. खडूने केलेलं गणित लोकांना पटतं, त्यात दुसऱ्याला पुढे येऊन आकडा खोडता येतो.

मग पेपरची वाटणी. ज्येष्ठतेने निवड द्यायची की आवडीने? दोन्हींत घोळ आहे. ज्येष्ठतेने दिली की एकच माणूस वीस वर्षं एकच पेपर पिवळ्या नोट्सवर शिकवतो. आवडीने दिली की प्रथम वर्षाचा वर्ग अनाथ होतो. आम्ही नियम केला: कुणीही एक पेपर सलग तीन वर्षांहून जास्त घ्यायचा नाही, आणि प्रत्येकाकडे प्रथम वर्षाचा किमान एक वर्ग असायलाच हवा, विभागप्रमुखाकडेसुद्धा. हा शेवटचा भाग मंजूर झाला, कारण मी तो स्वतःवर आधी लावला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हे आणखी गुंतागुंतीचं झालं आहे. पूर्वी आपला विषय म्हणजे आपले पेपर. आता मेजर, मायनर, मुक्त वैकल्पिक, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट असे तुकडे आहेत आणि काही तुकडे दोन विभागांच्या मधोमध पडतात. श्रेयांकाचं, म्हणजे क्रेडिटचं, गणित लक्षात ठेवा: थिअरीचा १ श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३०. मधोमध पडलेला पेपर कुणाचा, यावर शेजारच्या विभागाशी लेखी ठरवा, दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्यांनिशी. नाहीतर जुलैत दोन्ही विभागांना तो नको असतो आणि वर्कलोड कमी भरल्यावर मार्चमध्ये दोघांनाही हवा असतो.

टाइमटेबलबरोबरच विभागाचं कॅलेंडर बनवा, पण आपल्या जिल्ह्याचं. आमच्या वर्गात निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतली निम्मी मुलं. ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी, जानेवारीनंतर काढणी, मार्चपासून उन्हाळ कांदा. अंतर्गत चाचणी फेब्रुवारीच्या मध्यावर ठेवली की बाकं रिकामी, आणि मग पुनर्परीक्षेची तीच कटकट. आम्ही ती जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ओढली. हा निर्णय शंभर टक्के पहिल्या ढिगातला. त्यासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती आणि तरी तो सुचायला चार वर्षं लागली. सिंहस्थाचंही तसंच. २०१५ मध्ये २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरला नाशिकची शाही स्नानं होती आणि त्या दिवसांत शहरात गाडी घेऊन फिरणं विसरावं लागलं. पुढच्या पर्वण्या २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. त्या सत्राची क्षेत्रभेट किंवा चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावण्याआधी पर्वणीच्या तारखा भिंतीवर चिकटवा.

सिलॅबस बदलायचा असेल तर

१९२४ मध्ये नाशिकला हं. प्रा. ठा. महाविद्यालय सुरू झालं तेव्हा पुणे विद्यापीठ नव्हतंच. ते १९४९ मध्ये आलं. तोवर अभ्यासक्रम मुंबईहून यायचा. म्हणजे ‘सिलॅबस दुसरीकडून येतो’ ही तक्रार आपल्या गावात शंभर वर्षं जुनी आहे. तरी एक दार उघडं असतं.

अभ्यास मंडळावर विभागप्रमुखांच्या मतदारसंघातून तीन विभागप्रमुख निवडून जातात. बाकीचे नामनिर्देशित, स्वीकृत किंवा पदसिद्ध. मुदत पाच वर्षांची. निवडणूक लागते तेव्हा मतदार यादीत तुमचं नाव आहे का ते आधी तपासा. हरकत घ्यायची मुदत संपल्यावर कुणाला जाग येऊन उपयोग नाही. आणि निवडून गेलेल्यांपैकी आपल्या जिल्ह्यातलं कुणी असेल तर त्यांना वर्षातून एकदा विभागात बोलवा. चहा-पोह्यांवर जेवढा सिलॅबस बदलतो तेवढा निवेदनांनी नाही.

निवेदन मात्र लागतंच, आणि ते कसं लिहिता त्यावर सगळं आहे. ‘अभ्यासक्रम कालबाह्य आहे, स्थानिक गरजांशी जोडावा’ असं पत्र फायलीत जातं आणि तिथेच राहतं. मंडळाला हवा असतो वापरता येईल असा मजकूर. माझ्या त्या कांद्याचंच उदाहरण घेऊ. तृतीय वर्षाच्या २ श्रेयांकांच्या एका पेपरात ‘नाशवंत शेतमालाची बाजारपेठ’ हा घटक हवा होता. २ श्रेयांक म्हणजे ३० तास. नवीन घटकाला ६ तास हवेत, तर कुठले ६ तास काढायचे हे आपणच सांगायचं. इथेच बहुतेक सूचना मरतात: घालायचं सगळ्यांना असतं, काढायचं कुणालाच नाही.

आम्ही एका पानात दिलं ते असं: काढायचे दोन उपघटक आणि त्यांचे तास, घालायचे चार उपघटक, म्हणजे लिलावाची पद्धत, साठवण आणि कांदाचाळ, निर्यातीवरचे निर्बंध, भावातले चढउतार, मराठीत मिळणारी दोन पुस्तकं, आणि नमुना प्रश्न पाच. नमुना प्रश्न जोडणं ही सगळ्यात कामाची युक्ती. नवीन घटक म्हटला की बाकी कॉलेजांतल्या शिक्षकांना पहिली भीती ‘पेपर काढणार कसा’ हीच असते. लासलगाव, पिंपळगाव बसवंतचं नाव आम्ही मुद्दाम शीर्षकात घातलं नाही. अहिल्यानगरच्या आणि पुण्याच्या कॉलेजांनाही तो शिकवता यायला हवा. ‘स्थानिक’ या शब्दावर आपण खूश होतो, पण मंडळावर तो अडतो.

पत्र प्राचार्यांमार्फत, मंडळाच्या अध्यक्षांना, विभागाच्या ठरावाच्या प्रतीसह. आणि अभ्यासक्रमाची पुनर्रचना सुरू असताना. ती नसताना पाठवलेलं पत्र पुढच्या पुनर्रचनेपर्यंत कुणालाच सापडत नाही.

महाविद्यालय स्वायत्त असेल तर चित्र पालटतं. अनुदान आयोगाच्या चौकटीत तिथे अभ्यास मंडळ महाविद्यालयाचंच, अध्यक्ष विभागप्रमुख आणि विभागातले शिक्षक सदस्य. बाहेरून दोन विषयतज्ज्ञ, प्राचार्यांनी सुचवलेल्या सहा नावांतून कुलगुरूंनी नेमलेला एक, उद्योगातला एक आणि एक माजी विद्यार्थी. पदवी मात्र विद्यापीठाचीच. स्वायत्ततेतला धोका वेगळा आहे: विरोध करायला कुणी उरत नाही. बाहेरचे तज्ज्ञ ओळखीतले घेतले की दोन तासांत चार पेपर मंजूर होतात आणि दुपारी जेवण. उद्योगाचा माणूस सातपूर-अंबडच्या कारखान्यातून घ्या, पण शोभेचा संचालक नको. मुलांना ट्रेनिंगला घेऊन प्रत्यक्ष काम देणारा व्यवस्थापक बोलवा. तो पहिल्याच बैठकीत सांगेल की तुमच्या मुलांना साधं कोटेशन वाचता येत नाही.

पैसे आणि तक्रारी, थोडक्यात

खरेदीची मागणी विभागाच्या ठरावासह, दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता जोडून द्या. वस्तू आली की त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद. विभागाच्या खात्याबाहेर एक रुपयाही गोळा करू नका, क्षेत्रभेटीच्या बसचासुद्धा नाही. पावती कार्यालयाची हवी.

विद्यार्थ्याची तक्रार आली तर आधी तिचा प्रकार बघा. शिकवणं, अंतर्गत गुण, हजेरी यांबाबत असेल तर विभागात ऐका, लिहून घ्या, उत्तर लेखी द्या. सुटली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. रॅगिंगचं काही असेल तर सरळ रॅगिंगविरोधी समितीकडे. लैंगिक छळाची तक्रार विभागाने ‘मिटवायची’ नसते, ऐकून सल्लाही द्यायचा नसतो. ती अंतर्गत तक्रार समितीकडेच जाते आणि घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. ‘आधी आपण बोलून बघू’ म्हणत त्यातले दोन आठवडे खाणारा विभागप्रमुख, हेतू कितीही चांगला असला, तरी त्या मुलीचं नुकसान करतो.

पद सोडताना

माझी मुदत संपली तेव्हा पुढच्या मॅडमना मी किल्ल्या दिल्या आणि त्यांच्यासोबत चार पानं. ठरावांच्या वहीची अनुक्रमणिका. अजून उत्तर न आलेल्या पत्रांची यादी, जावक क्रमांकांसह. डेड स्टॉकची पडताळणी, दोघांच्या सहीने. विभागाच्या ईमेलचा पासवर्ड, आणि तो ज्या मोबाइलवर ओटीपी मागतो तो क्रमांक बदलल्याची खातरजमा, कारण आधीच्या सरांचा ओटीपी निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांच्या सिन्नरच्या घरी जात होता. त्या दोन अनोळखी किल्ल्याही दिल्या. मॅडमनी पहिल्या आठवड्यात त्यातली एक लावून बघितली, तर खालच्या कपाटाचा मागचा खण उघडला. आत जुन्या बैठकांच्या तीन वह्या होत्या.